श्रद्धा जपून गिऱ्हाईक कसे परत पाठवावे : नवशिक्या बेकरीवाल्यांसाठी

तुम्हाला स्पंज जमला, आयसिंग जमले, गल्ल्यामागे क्रूसही लागला. आता एकच धडा उरला आणि तो केकच्या कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत. आपल्या धर्माला न पटणाऱ्या लग्नाचा केक मागायला कोणी आले, तर कायद्याच्या कचाट्यात न सापडता त्याला वाटेला कसे लावायचे? ही पुस्तिका अमेरिका आणि ब्रिटनमधल्या होतकरूंसाठी आहे. साहित्य : एक दुकान, एक श्रद्धा, एक वकील. वकील चांगल्या प्रतीचा घ्यावा, सहा-सात वर्षे टिकला पाहिजे.

दार उघडण्यापूर्वी

घरच्या घरी, नात्यागोत्यात केक करत असाल तर कोणाला द्यायचा नि कोणाला नाही हा तुमचा प्रश्न. रस्त्यावर पाटी लावलीत की कायदा तुम्हाला सर्वांचे दुकानदार समजतो. कोलोरॅडो राज्यात 2008 पासून अशा दुकानाला गिऱ्हाइकाचा लैंगिक कल पाहून नकार देता येत नाही. (भारतातल्या वाचकांनी फार आशेने पुढे वाचू नये. आपल्या संविधानाचे कलम 15(2) धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्यावरून कोणाला दुकानाच्या दारात अडवू देत नाही. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत दुकान म्हणजे नेमके काय, असे विचारले गेले. तेव्हा डॉ. आंबेडकरांनी सांगितले, की येईल त्याला सेवा द्यायला जो तयार आहे त्याची जागा म्हणजे दुकान. पळवाट शोधू पाहणाऱ्यांना त्यांनी भिंत दाखवली.)

गिऱ्हाईक निवडणे

सगळ्यांनाच परत पाठवता येते असे समजू नका. साउथ कॅरोलिनात पिगी पार्क नावाची खानावळींची साखळी होती. कृष्णवर्णीयांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पुडा घेऊन जावे, बसून जेवू नये, असा तिथला शिरस्ता. वंशांची सरमिसळ देवाला मंजूर नाही आणि 1964 चा नागरी हक्क कायदा आपले धर्मस्वातंत्र्य हिरावतो, हा मालकाचा बचाव. 1968 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव एका तळटीपेत फालतू म्हणून निकालात काढला. तळटीपेत! तेव्हा हा प्रकार आता करू नये. पुढचे सगळे धडे वाचताना मात्र ही तळटीप आठवत राहते, त्याला इलाज नाही.

काउंटरवर काय बोलावे

हा पुस्तिकेचा गाभा, सावकाश वाचा. नकार माणसाला द्यायचा नसतो, मजकुराला द्यायचा असतो.

बेलफास्टच्या ॲशर्स बेकरीकडे 2014 मध्ये समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारी घोषणा लिहिलेल्या केकची ऑर्डर आली. किंमत साडेछत्तीस पौंड. दुकानाने पैसे घेतले, मग विचार केला आणि फोन करून पैसे परत दिले. (नवशिक्यांनी क्रम उलटा ठेवावा.) प्रकरण कोर्टात गेले, आणि खालच्या दोन्ही न्यायालयांत बेकरी हरली. ऑक्टोबर 2018 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला एकमताने जिंकवले. न्यायमूर्ती लेडी हेल यांचा युक्तिवाद सरळ होता : गिऱ्हाईक समलिंगी नसते तरी ती घोषणा त्या दुकानाने लिहिली नसती, म्हणजे हरकत घोषणेला होती, मागणाऱ्याला नव्हती. मला हे पटते. उद्या कोणी छापखान्यात येऊन मला न पटणारी पत्रके मागितली, तर मलाही हीच सवलत लागेल.

पण सवलतीची जाडी आयसिंगइतकीच. जुलै 2012 मध्ये कोलोरॅडोतल्या लेकवुड गावी मास्टरपीस केकशॉपमध्ये दोन पुरुष लग्नाचा केक मागायला आले. मालक जॅक फिलिप्स म्हणाले, वाढदिवसाचा केक देईन, कुकी देईन, ब्राउनी देईन, समलिंगी लग्नाचा केक देणार नाही. ते हॅलोविनचेही केक करत नाहीत, म्हणजे माणूस नेमाचा. गंमत अशी, की केकवर काय लिहायचे, कोणता रंग, किती थर, यातले काही बोलणे झालेच नाही. मजकूरच ठरला नव्हता, तर नकार कशाला दिला? कालच शेजारच्या वधूवरांना दिला तसलाच पांढराशुभ्र केक यांना नाही म्हणालात, तर तो मजकूर राहत नाही, माणूसच उरतो. माझ्या मते इथे फिलिप्स यांची बाजू लंगडी पडते. या प्रश्नावर न्यायालयाने काय ठरवले? काहीच नाही. त्यासाठी पुढचा धडा.

अपमान करून घेणे

फिलिप्स यांचे प्रकरण राज्याच्या नागरी हक्क आयोगापुढे असताना 2014 मध्ये एक आयुक्त भर सुनावणीत म्हणाले, की गुलामगिरी आणि ज्यूंचा संहार यांनाही लोकांनी धर्मस्वातंत्र्याचाच आधार दिला होता. शिवाय एका गृहस्थाने तीन बेकऱ्यांत समलिंगींविरुद्धचा मजकूर असलेले केक मागितले होते. तिन्ही ठिकाणी नकार मिळाला आणि आयोगाने तो बिनघोर चालू दिला. जून 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती केनेडी यांनी सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की आयोग या माणसाच्या श्रद्धेशी आकसाने वागला, म्हणून समलिंगी जोडप्यांनाही लग्नाचे केक द्या हा आयोगाचा आदेश रद्द. केक द्यावा की न द्यावा, हे तसेच अधांतरी. तात्पर्य, दुकानदाराने अतिशय नम्र राहावे आणि समोर उद्धट अधिकारी येईल अशी प्रार्थना करावी.

कलावंत होणे

श्रद्धेच्या जोरावर फार दूर जाता येत नाही, हे एव्हाना लक्षात आले असेल. कलेच्या जोरावर येते. कोलोरॅडोतल्याच 303 क्रिएटिव्ह या वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीने 2016 मध्ये दावा लावला. तोवर तिने लग्नाची एकही वेबसाइट केली नव्हती. समलिंगी लग्नाविषयी आपल्याला न पटणारे विधान सरकार आपल्याकडून वदवून घेईल ही नुसती भीती. जून 2023 मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात सहा विरुद्ध तीन मतांनी जिंकली, तेही धर्मस्वातंत्र्यावर नव्हे, भाषणस्वातंत्र्यावर. तुमची कला केव्हा कला ठरते हे तारखेवर अवलंबून असते. समलिंगी जोडप्याला नकार देणारी न्यू मेक्सिकोची छायाचित्रकार 2013 मध्ये हरली. वॉशिंग्टन राज्यातल्या फुलवालीने 2021 मध्ये 5,000 डॉलर देऊन तशाच नकाराचे प्रकरण मिटवले. दोन वर्षे दम धरला असता तर काय झाले असते, हे तिच्या वकिलाला विचारावे. लॉजवाल्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये. ब्रिटनमधल्या कॉर्नवॉलच्या एका ख्रिस्ती जोडप्याने दोन पुरुषांना डबल बेडची खोली नाकारली, आणि 2013 मध्ये ते तिथल्या सर्वोच्च न्यायालयात हरले. पलंग काही बोलत नाही.

सगळे फसले तर

एकच नकार सगळीकडे बिनधोक चालतो : सर्वांना सारखा. आयोगाच्या आदेशानंतर फिलिप्स यांनी लग्नाचे केक करणेच सोडून दिले, आणि त्यांच्या म्हणण्यानुसार 40 टक्के धंदा गेला. वाढदिवसाचे चालू होते. 26 जून 2017 रोजी एका वकील बाईंचा फोन आला : वाढदिवस आहे, आतून गुलाबी, बाहेरून निळा केक हवा. दुकान म्हणाले, करू. आपण पुरुषाची स्त्री झाल्याची ही खूण आहे असे बाईंनी सांगताच दुकान म्हणाले, नाही करणार. केक तोच, रंग तेच. हे प्रकरण कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर काढून टाकले, मूळ प्रश्नाला हात न लावता.

म्हणून नवशिक्यांनी पहिली काही वर्षे पाव करावेत.