मेमरी संगणकाची, बोलणी ऑपरेटरला

गंगाखेडच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली, की आडतीच्या संगणकावर तो संदेश हमखास येतो : मेमरी कमी आहे, चालू प्रोग्राम बंद करा. बाहेर ट्रॅक्टर उभा, शेतकरी हिशेबपट्टीसाठी खोळंबलेला, आणि आत मालक ऑपरेटरवर डाफरतो, "काय बी उघडून बसता त्याच्यात!" मला या वाक्याची चीड आहे. सकाळपासून मान मोडून व्हाउचर टाकणाऱ्याने मेमरी खाल्लेली नसते. ती मालकाच्या चिक्कूपणाने खाल्लेली असते.

दुकानातलं यंत्र बघा. 4 जीबी रॅम. त्यातली बरीचशी विंडोज सुरू होतानाच अडवते. उरलेल्या जागेत ब्राउझर, त्यात जीएसटीचं पोर्टल, बँकेचं खातं, व्हॉट्सअ‍ॅप वेब. मागे अँटिव्हायरसची तपासणी चालू. या सगळ्यांनंतर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा नंबर. टॅलीतही एक कंपनी उघडी नसते. मालकाची आडत, भावाचं कृषी सेवा केंद्र, मेव्हण्याचं सिमेंटचं दुकान, सगळ्यांच्या वह्या एकाच ऑपरेटरच्या गळ्यात आणि एकाच वेळी स्क्रीनवर. ज्या कंपनीत आत्ता काम नाही ती बंद करा. याला पैसा लागत नाही, परभणीहून माणूस बोलवावा लागत नाही.

भांडण्याआधी एवढं तरी करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'मेमरी' या रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो. पुष्कळदा तिथे हिशेबाचं सॉफ्टवेअर नसतंच. वीस टॅब उघडलेला ब्राउझर असतो. मग कोणाला बोलायचं ते ठरवा. त्या टॅबांपैकी निम्मे मालकाच्याच मुलाने दुपारी उघडलेले निघाले, तर त्याचंही नाव घ्या.

तपासायची दुसरी जागा सी ड्राइव्ह. रॅम अपुरी पडली की विंडोज हार्ड डिस्कवरची जागा उसनी घेते. पेजफाइल नावाची लपलेली फाइल त्यासाठीच असते, आणि ती साधारणपणे सी ड्राइव्हवर असते. त्या ड्राइव्हवर लग्नाचे व्हिडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेले पीडीएफ ठासून भरले असतील तर त्या फाइलला वाढायला जागाच उरत नाही. टेम्प फोल्डर रिकामं करा, व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवा. टॅलीच्या डेटा फोल्डरला मात्र साफसफाईच्या नावाखाली हात लावायचा नाही.

रॅम वाढवणार असाल तर आधी विंडोज 32 बिटची आहे की 64 बिटची ते बघा. सेटिंग्जमध्ये 'अबाउट'वर लिहिलेलं असतं. 32 बिटच्या विंडोजला 4 जीबीच्या पुढची रॅम वापरताच येत नाही. तिच्यात 8 जीबी बसवून पैसे घेणारा दुरुस्तीवाला तुम्हाला चक्क फसवतो आहे. प्रोग्राम 32 बिटचा असेल तर तोही एरवी 2 जीबीपुढे जात नाही, यंत्रात रॅम कितीही असो.

खरं दुखणं डेटाचं आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला, तेव्हा कित्येक दुकानांत नवी कंपनी उघडली आणि आजही तीच चालू आहे. आडतीत एका शेतकऱ्याच्या एका मालामागे पट्टी, हमाली, तोलाई, आधी दिलेली उचल, उरलेली रोकड, एवढ्या नोंदी होतात. इतक्या हंगामांचा हा ढीग एकाच कंपनीत, आणि वर मालक म्हणणार, "सुरुवातीपासूनचं लेजर काढ." काढायचं असेल तर वर्षावर्षाचं काढा. आणि डेटा स्प्लिट करा, 1 एप्रिलच्या रेषेवर. आधी बॅकअप, मग व्हेरिफाय, मग स्प्लिट. जुना हिशेब जाईल ही भीती मी मोंढ्यात फार ऐकतो. तो जात नाही. दोन नव्या कंपन्या तयार होतात आणि मूळ कंपनी जशीच्या तशी राहते. ती पुसायचीही नाही, कारण वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपून ठेवा असं जीएसटीचा कायदाच सांगतो.

'मेमरी अ‍ॅक्सेस व्हायोलेशन' हा संदेश मात्र वेगळा. त्यात मेमरी हा शब्द आहे म्हणून रॅम आणायला पळू नका. प्रोग्रामने नको त्या जागी हात घातला, एवढाच त्याचा अर्थ. कारण अनेकदा बिघडलेला डेटा असतो, कधी प्रिंटरचा ड्रायव्हर. आणि डेटा का बिघडतो? व्हाउचर सेव्ह होताना लाइट जाते आणि यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली असते. ती बदलायला मालकाला वेळ नाही. आधी बॅकअप घ्या, तोही पेनड्राइव्हवर, त्याच सी ड्राइव्हवर नव्हे. मगच रिपेअर चालवा. बॅकअपशिवाय रिपेअर करणाऱ्याला दुकानात उभं करू नये. क्रॅक केलेली आवृत्ती वापरणाऱ्यांनी तर तक्रारच करू नये. तिच्यासोबत कोणता व्हायरस आत शिरून मेमरी खात बसला आहे, हे कोणीच सांगू शकत नाही.

महिन्याच्या 20 तारखेपर्यंत जीएसटीचं 3बी हे विवरणपत्र भरायचं असतं. यंत्र अडून उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क, शून्य विवरणपत्र असेल तर 20. त्या दंडाबद्दल ऑपरेटरला ऐकवणारे मालक मी पाहिले आहेत. त्याच ऑपरेटरने चार महिने आधी रॅम मागितली होती, हे ते सोयीने विसरतात.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. म्हणजे बऱ्याच दुकानांना आज ना उद्या नवं यंत्र घ्यावंच लागणार. विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम लागते. हा नुसता सुरू होण्यापुरता आकडा आहे, धंदा करण्याचा नाही. 8 जीबीच्या खाली घेऊ नका, हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्या आणि यूपीएस त्याच बिलात घाला. खरेदीला परभणीला जाताना मुलाला नेण्यापेक्षा ऑपरेटरला न्या. कुठल्या कामाला यंत्र अडकतं हे त्याला माहीत आहे, आणि हंगामात त्या खुर्चीवर तोच बसणार आहे.