आठवारी

एडिंबरात राहणारा गोखले किल्ट का घालतो, याची माझ्याकडे गिऱ्हाईक बघून द्यायची उत्तरं तयार असतात. ऑफिसातल्या स्कॉटिश मंडळींना सांगतो, तुमच्या परंपरेबद्दल आदर म्हणून. पुण्याच्या नातेवाइकांना सांगतो, इथे सगळेच घालतात. हे धादांत खोटं आहे. लग्न, पदवीदान, मरेफील्डवरची रग्बीची मॅच आणि 25 जानेवारीची बर्न्स नाइट सोडली, तर इथला माणूस तुमच्या-आमच्यासारखा जीन्समध्येच असतो. उरलेल्या दिवशी किल्ट दिसलाच तर तो बहुधा पर्यटकांसमोर बॅगपाइप वाजवणाऱ्याच्या अंगावर. मावशीला मी एकदा ‘पँटपेक्षा जरा मोकळं वाटतं’ असं सांगून पाहिलं. तिने ताबडतोब आंब्याच्या भावाचा विषय काढला.

खरं कारण पर्थशरमधल्या एका हॉटेलच्या कोट ठेवायच्या खोलीत घडलं. सहकाऱ्याचं लग्न होतं आणि पुरुषांनी हायलँड पोशाखात यावं अशी आमंत्रणावरच तंबी होती. भाड्याच्या दुकानातून भलीमोठी पिशवी आणली. तिच्यात किल्ट, आखूड काळं जाकीट, गुडघ्यापर्यंतचे जाड लोकरी मोजे, मोज्यांवर लोंबवायच्या लाल फिती, पोटावर बांधायचा स्पोरन नावाचा चामडी बटवा, मोज्यात खोचायच्या सुरीची नुसतीच मूठ आणि बिनजिभेचे बूट. त्या बुटांच्या हातभर नाड्या घोट्याभोवती गुंडाळायच्या असतात. कागदावर लिहिलेल्या सूचना मात्र कुठेच नव्हत्या.

‘त्यात काय एवढं?’ बायको म्हणाली. ती स्वतः चापूनचोपून नऊवारी नेसून तयार होती, त्यामुळे तिच्या शब्दाला वजन होतं. किल्ट म्हणजे आठ वार चौकड्यांचं लोकरी कापड. एका बाजूला सपाट पदर, बाकीचं सगळं निऱ्यांत शिवलेलं. आता या निऱ्या पुढे की मागे? ‘निऱ्या मागे कशा असतील? मागे कासोटा,’ ती म्हणाली. ‘पण याला कासोटाच नाही,’ मी म्हणालो. ‘म्हणून काय निऱ्या मागे न्यायच्या?’ या युक्तिवादात खोट काढता येईना. निऱ्या पुढे घेतल्या, तिन्ही पट्टे आवळले, निऱ्यांवर स्पोरन ठेवला. पोट दोन वीत पुढे आलं. पण ते तसं आधीही होतंच. दोघांच्या अंगावर मिळून सतरा वार कापड घेऊन आम्ही जिना उतरलो.

खाली नवऱ्यामुलाचे आजोबा उभे होते. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, माझं कोपर धरलं आणि एक अक्षर न बोलता त्या कोटांच्या खोलीत नेलं. दार लावून त्यांनी माझे पट्टे सोडले. किल्टच्या आत काय घालतात हा जगाला पडलेला प्रश्न त्यांच्यापुरता तिथेच सुटला. पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी. त्यांनी किल्ट अर्धा फिरवून निऱ्या मागे नेल्या, सपाट पदर पुढे आणला, तो उजव्या बाजूला बंद केला, कंबर बेंबीपर्यंत वर ओढली आणि खालची किनार गुडघ्याच्या मध्यावर आणली. बसताना मागच्या निऱ्या हाताने सारख्या करून बसायचं आणि गुडघे जवळ ठेवायचे, हेही त्यांनी करून दाखवलं. मग दोन पावलं मागे सरून ते म्हणाले, ‘पोटऱ्या मात्र फक्कड आहेत हो तुमच्या.’

वाचकहो, माझ्या देहाच्या कुठल्याही भागाचं कौतुक तोवर कोणीही केलेलं नव्हतं. लग्न ठरवताना सासरच्यांनी माझं हस्ताक्षर चांगलं असल्याचं नमूद केलं होतं. आणि इथे पोटऱ्या! लहानपणी पर्वतीच्या पायऱ्या चढलो, त्या अशा फळाला आल्या. त्या जाड मोज्यांमध्ये कोणाच्याही पोटऱ्या भरीव दिसतात हे मला पुढे कळलं, पण मी ते मनावर घेतलं नाही. त्या रात्री ‘स्ट्रिप द विलो’ या नाचात अनोळखी बायाबापड्यांनी मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गरागरा फिरवत भिरकावलं, तेव्हाही माझं सगळं लक्ष खालीच होतं. पोटऱ्या झाकणारं कुठलंही वस्त्र त्यानंतर मला अन्यायकारक वाटू लागलं.

साहजिकच स्वतःचा किल्ट घ्यायचं ठरलं. दुकानदाराने आडनाव विचारलं, कारण टार्टन, म्हणजे किल्टच्या चौकड्या, घराण्यागणिक वेगळ्या. घराण्यांच्या यादीत गोखले हे गॉर्डनच्या अलीकडे यायला हवे होते, पण आलेले नव्हते. ‘हरकत नाही,’ तो म्हणाला, ‘कोणी कुठलं टार्टन घालावं यावर कायद्याने बंदी नाही.’ बायकोने गर्द निळ्या-हिरव्या-काळ्या ब्लॅक वॉचवर बोट ठेवलं, कारण ते मळखाऊ होतं. हायलँडच्या लोकांवर पाळत ठेवायला 1725 मध्ये सरकारने ज्या तुकड्या उभ्या केल्या, त्यांच्यापासून ब्लॅक वॉच ही पलटण झाली आणि हे टार्टन तिचं. म्हणजे मी तसा फौजदाराच्याच चौकड्यांत फिरणार होतो. मग किंमत ऐकली. हाताने शिवलेल्या आठवारीला सहाशे पौंड. बायकोने माझ्या पोटऱ्यांकडे आणि मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. आम्ही पर्यटकांच्या दुकानातून त्याच चौकड्यांचा, ॲक्रिलिकचा, पट्ट्यांऐवजी चिकटपट्टीचा किल्ट उचलला. फार तर चार वार असेल. कोकणस्थाला सहाशे पौंड हा आकडा चार दिवस झोप लागू देत नाही.

लोकरीच्या आठ वारांचं वजन काय कामाचं असतं, हे मला वेव्हर्ली स्टेप्सवर समजलं. प्रिन्सेस स्ट्रीटवरून स्टेशनात उतरणाऱ्या या अरुंद पायऱ्यांवर एडिंबरातला सगळा वारा एकवटून येतो. लंडनहून येणाऱ्या सासऱ्यांना उतरवून घ्यायला मी किल्टमध्ये गेलो होतो. त्यांच्या दोन्ही बॅगा माझ्या दोन्ही हातांत. मी पुढे, ते दोन पायऱ्या मागे, म्हणजे अर्थातच खाली. अर्ध्यावर वारा आला. निऱ्या मागून वर गेल्या, पुढून चिकटपट्टीने चर्रकन राजीनामा दिला. पदर वाऱ्यावर धरून मी वळून पाहिलं, तर सासरे पुन्हा खाली उतरून गाड्यांचं वेळापत्रक वाचत होते. ते त्यांनी बराच वेळ वाचलं.

रात्री जेवताना मी झाल्या प्रकाराला इतिहासाची फोडणी द्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, हे साधंसुधं वस्त्र नाही. स्कॉटलंडमधल्या 1745 च्या बंडानंतर ब्रिटिश सरकारने कायदा करून यावर बंदी आणली. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं काळं पाणी. ही बंदी 1782 मध्ये उठली. मग 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरात आला, तेव्हा वॉल्टर स्कॉटने समारंभाचा असा काही थाट केला की खुद्द राजा किल्ट घालून उभा राहिला. राजाही माझ्यासारखाच सुटलेला होता. त्याचा किल्ट गुडघ्याच्या चांगला वर होता आणि पाय उघडे पडू नयेत म्हणून त्याने आत गुलाबी तंग विजार घातली होती. पुढे विल्की नावाच्या चित्रकाराने तसबिरीत किल्ट खाली ओढला आणि विजार गाळून टाकली. सासऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, ताक संपवलं आणि म्हणाले, ‘राजाने निदान आतून गुलाबी विजार घातली होती, जावईबापू.’

सहाशे पौंडांचा किल्ट दुसऱ्या दिवशी मापाला टाकला. पैसे कोणी दिले हे विचारू नये. सासऱ्यांनी दिले.

हा खरा किल्ट मी पुष्कळ ठिकाणी मिरवला, पण त्याची कसोटी लागली ती सत्यनारायणाला. दुपारी एका सहकाऱ्याचं लग्न, संध्याकाळी घरी पूजा, आणि मधली गाडी उशिरा. घरात शिरलो तेव्हा गुरुजी चौरंग मांडून घड्याळ बघत होते. (गुरुजी एरवी एका बँकेत संगणकाचं काम करतात, दर शनिवारी गुरुजी असतात.) ‘पितांबर नेसून ये,’ बायको म्हणाली. पितांबर कुठे आहे ते दोघांनाही आठवेना. भिंतीला टेकवून ठेवलेल्या फोनमधून आई सदाशिव पेठेतून बघत होती. ती म्हणाली, ‘लोकरीचं आहे ना ते? मग धाबळी चालते तसं चालेल. सोवळंच आहे.’

‘पण शिवलेलं दिसतंय,’ गुरुजी म्हणाले.

‘निऱ्या शिवल्यात. कापड अखंड आहे,’ आईने परस्पर निकाल दिला. प्रत्यक्षात दुहेरी पन्ह्याचं चार वार कापड मधोमध उभं कापून जोडलेलं असतं, पण मी गप्प राहिलो. स्पोरन चामड्याचा म्हणून उतरवला. मग गुरुजींना कमरेचे तीन पट्टे दिसले, तेही चामड्याचे. ते उतरवले असते तर पुढची पूजा कोणी बघण्यासारखी राहिली नसती. ‘त्यांच्यावरून उपरणं बांध,’ आई म्हणाली, ‘दिसलं नाही म्हणजे झालं. आणि मोजे काढ.’

मोजे काढले. आई फोनच्या अगदी जवळ आली. ‘अगं बाई! पाय किती वाळलेत रे तुझे. नुसत्या काड्या. जेवतोस ना नीट?’

किल्टमध्ये मांडी घालता येत नाही. घालता येते, पण समोर सवाष्णी बसलेल्या असताना घालता येत नाही. मी गुडघे जुळवून टाचांवर बसलो आणि कथेचे पाचही अध्याय तसाच बसून ऐकले. साधुवाण्याची नाव बुडेपर्यंत घोट्याखालचे पाय मला सोडून गेले होते. आरतीला मला दोघांनी धरून उभं केलं.

शिऱ्याचा प्रसाद झाल्यावर गुरुजींनी हलकेच किल्टचं टोक चिमटीत धरून पाहिलं. ‘कापड दणकट आहे. केवढ्याला पडला?’

मी आकडा सांगितला. गुरुजींनी मान डोलावली आणि दक्षिणेचं पाकीट पुन्हा एकदा उघडून पाहिलं.