आधी नाक, मग गाडी

२०२३मध्ये वंदे भारत पांढऱ्या-निळ्याची भगवी झाली आणि धाराशिवच्या टपऱ्यांवर रंगतज्ज्ञांना बहर आला. कुणाला भगवा फिका वाटला, कुणाला गाडीचं नाक फार टोकदार. शेजारी लातुरात डब्यांचा कारखाना उभा राहिल्यापासून आम्ही सगळेच अभियंते! मुंबईच्या भुयारी मेट्रोतल्या आसनांबद्दलही आमचं मत ठाम आहे. बसायचा योग आला नाही, एवढंच. मुंबई-सोलापूर वंदे भारत धाराशिवला न येता कुर्डुवाडीवरूनच जाते. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा ८४ किलोमीटरचा मार्ग पुरा व्हायचाय, म्हणून तुळजाभवानीला भक्त एसटीने नाहीतर पायी येतात. रेल्वेने कोणत्याही रंगाची गाडी तुळजापूरला एकदाची धाडावी. नावं ठेवायला आम्ही फलाटावर हजर राहू.