मा. पहिला किलोमीटर यांस

मुक्काम पोस्ट : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आरंभरेषेला लागून



गेल्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला आपली धावती भेट झाली. ५ मिनिटे ४० सेकंदांची. एवढ्या थोड्या वेळात असा पाहुणचार मला सासुरवाडीलाही कधी मिळाला नव्हता. पहाटेचा गारवा, दिव्यांनी उजळलेले स्टेशन, कडेला ढोल, हजारो बुटांची सरसर. हुतात्मा चौकाकडे जाणारा रस्ता तर आपणहून मागे सरकत होता. ठरले होते ६ मिनिटे ४५ सेकंद. मी घड्याळाकडे पाहून कचरलो, तेवढ्यात आपण कानाशी लागलात, ‘अहो, आज तब्येत काही औरच दिसतेय तुमची!’ आणि मी, पन्नाशीला टेकलेला, बँकेच्या कर्जविभागात केस पांढरे केलेला माणूस, चढलो की हो हरभऱ्याच्या झाडावर!

आता हिशेबाचे बोलू. ६५ सेकंद आपण मला आगाऊ दिलेत. ४ तास ४५ मिनिटांत पोचायचे होते, पोचलो ५ तास ३२ मिनिटांनी. म्हणजे ६५ सेकंदांच्या मुद्दलावर ४७ मिनिटे व्याज. आमच्या शाखेने असा दर लावला असता तर रिझर्व्ह बँकेने शटर खाली ओढले असते. आपल्या पाठच्या चार भावंडांचाही यात हात आहे, नाही असे नाही. पण थोरलाच असा निघाल्यावर धाकट्यांना काय बोलायचे?

आपल्या भेटीसाठी मी १८ आठवडे तयारी करत होतो, हे आपल्या कानावर घालायचे राहून गेले. दर रविवारी लांब पल्ला, वाढवत वाढवत ३२ किलोमीटरपर्यंत. त्याआधी ऑगस्टमध्ये टाचेवरची शीर धरली होती. फिजिओने औषध दिले नाही, जिन्याची पायरी दाखवली. चवड्यावर उभे राहायचे आणि टाच पायरीच्या कडेखाली सावकाश सोडायची. गुडघा ताठ ठेवून १५ चे ३ फेरे, किंचित वाकवून आणखी ३, सकाळ-संध्याकाळ. दिवसाचे १८०, असे १२ आठवडे. हाकान अल्फ्रेडसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांची ही देणगी. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना तीन दिवस वाटत होते की मी किल्ली विसरून बाहेर अडकलोय. चौथ्या दिवशी त्या जिन्यातच चहा घेऊन आल्या. ती शीर शेवटपर्यंत टिकली. ते तिचे मोठेपण, आपले नव्हे.

आपले एक हस्तकही आरंभरेषेजवळ भेटले. दुभाजकावर पाय टाकून मांडीमागची शीर ताणत उभे होते, चेहऱ्यावर समाधी लागलेली. ‘ताणा, नाहीतर गोळे येतील,’ म्हणाले. थंड स्नायू असे मिनिट मिनिट धरून ताणले की काही काळ त्यांचा जोर उलट कमीच होतो. पळण्याआधी पाय झुलवावेत, गुडघे उचलून चालावे, आणि धरून ठेवायचे ताण घाम निघाल्यावर, घरी जायच्या आधी. हे सगळे मला पाठ होते. तरी मी दुभाजकावर जागा शोधलीच. समोरचा ठामपणे चुकत असला की आपले ज्ञान उगाच पुस्तकी वाटायला लागते.

खरी गंमत पुढेच आहे. आमच्यासारख्या हौशी माणसाला एवढ्या लांबच्या शर्यतीआधी फारसे अंग गरम करावेच लागत नाही. ते काम आपले. शरीर तापवायचे, श्वास लावून द्यायचा आणि बाजूला व्हायचे, एवढीच आपली नेमणूक. आपण मात्र स्वतःला सत्कारमूर्ती समजून बसलात.

आणि तो पाहुणचार कोणाच्या पैशाने झाला? शर्यतीआधीचे तीन आठवडे मी धावणे कमी केले, म्हणून पाय ताजे होते. शेवटचे तीन दिवस भात, बटाटा, साबुदाणा खाल्ला, म्हणून स्नायूंत ग्लायकोजेन भरलेले होते. सगळी ठेव माझी! ती मावते ढोबळमानाने ५०० ग्रॅम, म्हणजे २००० कॅलरींच्या आसपास. माझे वजन ७२ किलो. किलोमीटरला साधारण ७० कॅलरी धरल्या तर ४२ किलोमीटरला ३००० च्या घरात लागतात. उरलेली तूट चरबीने भरायची. पण चरबी म्हणजे सरकारी खाते, सावकाश चाललात तरच कागद पुढे सरकवते. घाई केली की सगळा भार ग्लायकोजेनवर पडतो. आपण पहाटेच्या अंधारात माझ्याकडून मुदतठेव मोडून घेतलीत, आणि मी हसत हसत सही केली.

ठेव संपल्याची नोटीस पेडर रोडच्या चढावर मिळाली, परतताना, पस्तिसाव्या किलोमीटरनंतर. जाताना हाच चढ मी लोकांना हात करत चढलो होतो. आता ऊन डोक्यावर, मांड्यांत गोळे, आणि छातीवर टाचलेल्या बिबवरचे नाव वाचून अनोळखी माणसे मला धीर देत होती. एक सात-आठ वर्षांची मुलगी स्टीलच्या ताटलीत मीठ भुरभुरलेल्या संत्र्याच्या फोडी घेऊन उभी होती. मी दोन उचलल्या. माझ्याकडे नीट पाहून तिने ताटली पुन्हा पुढे केली, ‘काका, तुम्ही चार घ्या.’

तेवढ्यात मागून सत्तरीचे एक आजोबा आले. सुरुवातीला यांना ओलांडताना मला यांची कीव आली होती, तेही आपल्याच हद्दीत. माझी चाल पाहून त्यांनी, डॉक्टर ‘रात्री काय खाल्लं होतं?’ विचारतात त्या सुरात विचारले, ‘पहिला किलोमीटर कितीत?’ मी सांगितले. ‘हं,’ म्हणाले आणि गेले.

मोठी माणसे आपल्याशी कशी वागली, आठवून पाहा. २०१८ मध्ये बर्लिनला एलियुड किपचोगेने २ तास १ मिनिट ३९ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा पहिला अर्धा टप्पा ६१:०६ मध्ये, दुसरा ६०:३३ मध्ये. २०२३ मध्ये शिकागोला केल्विन किप्टमने विश्वविक्रम मोडला, तेव्हा ६०:४८ आणि ५९:४७. दोघांनी आपल्याला रस्त्यात नमस्कार केला, उंबऱ्याच्या आत घेतले नाही.

तर येत्या जानेवारीत आपल्यासाठी ७ मिनिटे १० सेकंद राखून ठेवली आहेत. ढोल वाजवा, कानात काहीही सांगा. माझी तालीम सुरू आहे. दम न लागता पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग बरोबर, असे जाणकार सांगतात. म्हणून मी पहाटे गृहकर्जाच्या अटी मोठ्याने म्हणत धावतो. गेल्या रविवारी कलम सातपर्यंत आवाज स्थिर होता. दूधवाला मात्र आता रस्ता बदलून जातो.

आपला,
एक थकीत कर्जदार

ता. क. : आपल्या हद्दीत माझी एक सेफ्टी पिन पडली आहे. तिच्यावाचून बिबचा डावा कोपरा शेवटपर्यंत फडफडत होता. सापडल्यास परत करावी. व्याज नको, मुद्दल पुरे.