भत्त्याएवढे घर

घरभाडे भत्ता म्हणजे सरकारी निवासस्थान न मिळालेल्या कर्मचाऱ्याला मूळ वेतनाच्या ठरावीक टक्क्याने मिळणारी रक्कम. केंद्र सरकारने त्यासाठी शहरांची लोकसंख्येनुसार एक्स, वाय आणि झेड अशी प्रतवारी केली असून, म्हैसूर वाय गटात मोडत असल्याने तेथे जानेवारी 2024 पासून हा दर 20 टक्के आहे. म्हणजे 18,000 रुपये मूळ वेतन असलेल्या शिपायाच्या वाट्याला 3,600 रुपये येतात, आणि ते घेऊन मानसगंगोत्री या विद्यापीठ परिसरापलीकडे बोगादी वस्तीत खोली शोधू लागल्यावर त्याला उमगते की, भत्ता घर पाहून ठरलेला नाही, घरच भत्ता पाहून ठरवायचे आहे. ‘टू लेट’च्या पाटीखाली उभ्या असलेल्या घरमालकाचा स्वर ‘सेंट्रल गव्हर्न्मेंट’ हे शब्द कानी पडताच मऊ होतो आणि भाडे कडक होते. भत्ता एका महिन्याचा, अनामत मात्र अनेक महिन्यांची. 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्याने निवासी अनामतीला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली खरी, पण तो आदर्श असल्यामुळेच (आदर्शांचे एरवी होते तेच) स्वीकारणे न स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर राहिले. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला 1908 च्या कायद्यानुसार नोंदणी सक्तीची असल्याने करार अकरा महिन्यांचा होतो, आणि बाराव्या महिन्यात भाडेवाढीची बोलणी सुरू होतात. भत्त्याचा दर मात्र महागाई भत्ता 25 व 50 टक्क्यांवर पोचेल तेव्हाच वाढायचा होता. 2017 ते 2024 या काळात तो दोनदा वाढला.