अकरावीचे बाबा

दहावीपर्यंत हे बाबा फक्त निकालाच्या दिवशी दिसतात. पोराला गणितात शंभरपैकी शहाण्णव पडले, की पेढ्यांसोबत "आमच्याकडे गणित रक्तातच आहे" हेही वाटून येतात. मग अकरावी सायन्सला ॲडमिशन होते, संमिश्र संख्यांचा धडा उघडतो आणि बाबा पोराकडे पेन्सिल मागतात. "आण इकडे, बघतो."

एक्स वर्ग अधिक चार बरोबर शून्य. बाबांचा निवाडा तयार असतो. "मुळं वास्तव नाहीत. लिही आणि पुढे चल." गेल्या वर्षी एवढ्यावर भागत होतं. यंदा गणित तिथूनच सुरू होतं, हा बाबांना सरळसरळ अन्याय वाटतो.

"उत्तर दोन आय आणि उणे दोन आय आहे, बाबा."

"कुणी सांगितलं?"

पोरगा कार्दानोचं नाव घेतो. इटलीतल्या या डॉक्टरने १५४५ साली पुस्तकात विचारलं होतं : दहाचे असे दोन भाग करा, की त्यांचा गुणाकार चाळीस येईल. त्याचं उत्तर : पाच अधिक उणे पंधराचं वर्गमूळ, आणि पाच वजा तेच. बाबा ताळा करतात. बेरीज दहा. गुणाकार पंचवीस अधिक पंधरा, म्हणजे चाळीस. आयुष्यभर टॅली केलेल्या माणसाला आणखी काय हवं? ती संख्या कुठे राहते, काय खाते, हे ते पुन्हा विचारत नाहीत.

उलट आता त्यांना अवसान चढतं. उणे चारचं वर्गमूळ गुणिले उणे नऊचं वर्गमूळ? "उणे उणे अधिक, छत्तीसचं मूळ, सहा! तोंडी झालं."

"उणे सहा. आधी आय बाहेर काढायचा. दोन आय गुणिले तीन आय, सहा आय वर्ग. आय वर्ग म्हणजे उणे एक."

उणे उणे अधिक हा नियम बाबांनी छड्या खाऊन मिळवलेला. तो असा सोडवत नाही. खालच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर काकांना फोन जातो. ते पोराची बाजू घेतात, वर म्हणतात, "आम्ही आय नाही, जे लिहितो. आय करंटला लागतो." बाबा फोन ठेवतात. यांचं यांच्यातच ठरलेलं नाही!

"सोड रे. सीईटीला अकरावीचं वीसच टक्के असतं."

"आणि जेईईला?"

बाबा स्वयंपाकघराकडे वळून विचारतात, "अगं, भाताला किती वेळ आहे?"