शीतकपाटाचे पंचनामेदार

१ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून विभक्त झाला, तेव्हा महसूल खात्याच्या दप्तरांबरोबर ज्या असामी इकडे वर्ग झाल्या, त्यांपैकी अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून सेवानिवृत्त झालेला एखादा तरी गृहस्थ आज शहराच्या गल्लीगल्लीत आढळतो. आणि शासनाने त्याचे दप्तर काढून घेतले असले, तरी तपासाची तलफ काढून घेण्याची तरतूद सेवानियमांत नसल्यामुळे, शेजारपाजारचे जुने, गार न होणारे फ्रीज हाच त्याचा हल्लीचा इलाखा झाला आहे. आपण त्याला आबा म्हणू.

तापीच्या खोऱ्यात वैशाखाचा पारा चाळिशी ओलांडून गेला आणि कोणाच्या घरी दूध दुपारीच नासले, की आबा बिनबोलावता हजर होतात. त्यांचा पहिला हुकूम ‘सर्व जैसे थे’ असा असतो. दुसऱ्या क्षणी घरातल्या सुनेची जबानी सुरू होते. “सूनबाई, बर्फ शेवटचा कधी काढला? कढत वरण तसेच आत जाते की नाही? खरे सांगा, नोंद होत नाही.” नोंद अर्थातच होते. शीतकक्षावर बोटभर जाडीचा बर्फ साठला, तर तोच थंडीची वाट अडवतो, हे तत्त्व ते अशा गांभीर्याने सांगतात, की ती माऊली अतिक्रमण केल्यासारखी खाली बघू लागते.

मग दरवाज्याचे रबर. खिशातून सातबाराच्या रद्द उताऱ्याची एक पट्टी निघते, दरवाज्यात धरली जाते, दार लागते, आणि आबा ती चिमटीने हळूच ओढतात. कागद अडला तर रबर शाबूत, सुळकन आला तर “येथून गारवा बेकायदा बाहेर जातो” असा शेरा. यावर गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने रबर शेकण्याचा इलाज तत्काळ अंमलात येतो, आणि नवल असे की बहुधा लागूही पडतो.

परंतु या तपासाचा मुकुटमणी म्हणजे फ्रीजची पाठ. शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या, की लाल धूळ घराघरांत शिरते आणि मागच्या काळ्या जाळीवर तिचा थर बसतो. आतली उष्णता बाहेर टाकण्याचे काम ज्या जाळीचे, तीच बुजली, शिवाय फ्रीज भिंतीला चिकटून उभा, तर यंत्राने करावे तरी काय? आबा कुंचला मागवतात, दोन हात मारतात, आणि पुढची पंधरा मिनिटे आजीपासून नातवापर्यंत सारे कुटुंब शिंकत असते. आबा मात्र कोरडे. त्यांनी उपरणे आधीच नाकावर घेतलेले असते.

इतक्यात कारागीर येतो, फ्रीजकडे न पाहताच म्हणतो, “गॅस उडी गया, आबा.” हे वाक्य आबांच्या वर्मी लागते. “उडी गया म्हणजे? नळी बंदिस्त आहे. आधी छिद्र दाखव, मग गॅसचा हिशेब मांड.” त्यांचे म्हणणे शास्त्रशुद्ध आहे, छिद्र न बुजवता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. कारागिराला हे ठाऊक असते, आणि आबांनाही ठाऊक आहे हे त्याला फार जाचते.

क्वचित छिद्र खरोखर सापडते. फ्रीज फारच जुना असला, तर त्यातला आर-१२ हा वायू १९८७ च्या माँट्रियल कराराने बाद ठरवलेला, आणि नव्या वायूंपैकी काहींना जुन्या यंत्रातले तेल मानवत नाही. अशा वेळी निर्लेखनाचा प्रस्ताव मांडणे एवढेच उरते. पण आबांच्या हातून निर्लेखन होत नाही. ते पेल्यात पाणी भरून त्यात तापमापक ठेवतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात, चार अंशांऐवजी सोळा दिसले तरी “प्रकरण विचाराधीन” म्हणतात आणि चहा घेऊन जातात. घरची सून अखेरीस सासऱ्यांच्या कानावर घालते, की नवा फ्रीज परवडेल, आबा परवडत नाहीत.

तिचेही खरे, तरी आपला फ्रीज गार होईनासा झाला, तर कारागिराला निरोप धाडण्यापूर्वी त्याचे बटण बंद करावे, तो भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा, मागची जाळी झाडावी, आणि नंदुरबारात राहत असाल, तर त्याआधी नाकाला रुमाल बांधावा.